दोर जुना, मित्र तयार आणि बाबा नाही म्हणतात

एका १६ वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे, म्हणून आशय थोडक्यात देत आहे. ती दोन वर्षांपासून कृत्रिम भिंतीवर चढाई करते आणि चांगली करते. वयोगटाच्या स्पर्धांत तिचा क्रमांक येतो. आता तिला खऱ्या डोंगरावर जायचं आहे. आधी कातळ, पुढे बर्फ, आणि जमलं तर उंच शिखरं. वडील म्हणतात, १८ पूर्ण होईपर्यंत विषय काढू नकोस. तिच्याबरोबर चढणाऱ्या तीन मित्रांपैकी एकाला घरच्या माळ्यावर काकांचा जुना दोर सापडला आहे. परीक्षा संपली की तो घेऊन एका कड्यावर जायचं आणि माथ्यावरून रॅपलिंग करत, म्हणजे दोराच्या आधारानं, उतरायचं, असं चौघांचं ठरलं आहे. लागणाऱ्या गाठी व्हिडिओ पाहून पाठ झाल्या आहेत. ती विचारते, "एव्हरेस्ट १३ व्या वर्षी चढून झालेलं आहे. मी १८ पर्यंत थांबले तर फार उशीर नाही का होणार? आणि बाबांना न सांगता एकदा जाऊन आले, सुखरूप परतल्यावर सांगितलं, तर त्यांचा विश्वास बसेल का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळं तिथेच आहेत. नाही, विश्वास बसणार नाही. आणि मला वाटतं, बसूही नये. तू सुखरूप परत आलीस, तर त्यातून एवढंच कळेल की त्या दिवशी काही बिघडलं नाही. तू सगळं बरोबर केलंस की चुकीचं करूनही निभावलं, हे त्यातून ना बाबांना कळेल, ना तुला.

डोंगरावर शिकण्यातली खरी अडचण हीच आहे. गणित चुकलं तर उत्तर जुळत नाही, चूक लगेच दिसते. कड्यावर तसं होत नाही. अर्धवट बांधलेली गाठ एखाद्या दिवशी टिकते. डळमळत्या दगडाला अडकवलेला अँकर, म्हणजे दोर पेलणारा आधार, दहा वेळा वजन पेलतो. आकाश भरून आलेलं असताना पुढे गेलेला गट अनेकदा कोरडाच परततो. दर वेळी आपली समजूत घट्ट होते की आपल्याला हे जमतं. चूक होते आणि तिची शिक्षा मिळत नाही, म्हणून ती चूक सवय बनते. म्हणूनच हे कौशल्य एकट्यानं किंवा आपल्याइतक्याच अननुभवी मित्रांबरोबर शिकू नये. आपण काय करतोय हे घडत असताना पाहणारी आणि "थांब, हे परत बांध" म्हणणारी जाणती नजर लागते.

आता तो दोर. तो किती वर्षांचा आहे, कशासाठी बनवलेला होता, त्यावर कोण किती वेळा पडलं, माळ्यावर त्याच्याशेजारी काय ठेवलेलं होतं, यातलं काही तुम्हाला ठाऊक आहे का? चढाईचे दोर नायलॉनचे असतात. ऊन त्यांना कमकुवत करतं. बॅटरीतल्या आम्लाचा नुसता संपर्क झाला तरी धागे आतून खराब होऊ शकतात आणि बाहेरून काही दिसत नाही. दोर न वापरता ठेवला तरी तयार झाल्यापासून साधारण १० वर्षांनी तो बाद करावा, असं बहुतेक उत्पादक सांगतात. शिवाय दोर दोन प्रकारचे असतात. पडणाऱ्या माणसाचा झटका ताणून सोसणारा तो डायनॅमिक, आणि फारसा न ताणणारा तो स्टॅटिक. रॅपलिंगला स्टॅटिक चालतो. पण तोच बांधून कुणी लीड करायला, म्हणजे दोर खालून नेत सर्वांत पुढे चढायला, गेलं आणि पडलं, तर सगळा झटका शरीरावर आणि अँकरवर येतो. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या म्हणजे युआयएएच्या चाचणीत सिंगल डायनॅमिक दोराला ८० किलो वजनाचे किमान ५ जोरदार झटके सोसावे लागतात. माळ्यावरच्या दोरात त्यातले किती सोसण्याची ताकद उरली आहे, हे सांगण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही. ज्याचा इतिहास माहीत नाही त्या दोरावर जीव टाकायचा नाही, हा नियम जगभरचे गिर्यारोहक पाळतात आणि त्याला अपवाद करत नाहीत. त्या दोराचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा आणि घरी गाठींच्या सरावाला वापरा. तुकडे केल्याशिवाय ठेवू नका, नाहीतर पुढच्या सुट्टीत तो पुन्हा कुणाला तरी सापडेल.

रॅपलिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. त्यात ताकद लागत नाही, खाली उतरायचं असतं, म्हणून ते नवशिक्यांचं काम समजलं जातं. शिबिरांतही पहिल्याच दिवशी ते करवून घेतात. मात्र तिथे अँकर दुसऱ्या कुणी तरी बांधलेला असतो, तपासलेला असतो, आणि बऱ्याचदा उतरणाऱ्याला वेगळ्या दोरानं बिले दिलेला असतो, म्हणजे तो दोर दुसऱ्या कुणी तरी सुरक्षेसाठी धरलेला असतो. ते सगळं काढून घेतलं की रॅपलिंग चढाईतल्या सर्वांत धोकादायक कामांपैकी एक ठरतं, कारण पूर्ण वजन सतत एकाच यंत्रणेवर असतं. चढताना हात सुटला तर दोर वाचवतो. रॅपलिंगमध्ये दोर किंवा अँकर सुटला तर वाचवायला मागे काही नसतं. पट्टीचे गिर्यारोहकही इथे गेले आहेत. दोराच्या टोकाला गाठ मारायची राहिली आणि अंधारात किंवा थकव्यात ते टोकावरून निसटले.

तुम्ही चौघं अँकर कशाला बांधणार, ते पत्रात लिहिलेलं नाही. बहुधा ठरलेलंही नसावं. झाड असेल तर ते जिवंत आहे का, मुळं मातीत आहेत की नुसती कपारीत अडकली आहेत? दोन आधारांना मिळून बांधलात तर त्यांच्यातला कोन किती? हा कोन ६० अंश असेल तर प्रत्येक आधारावर वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण वजनाइतका. म्हणजे दोन आधार घेऊनही विभागणीचा फायदा शून्य. व्हिडिओत हे सांगतात, बरेच व्हिडिओ चांगले असतात आणि मी त्यांच्या विरोधात नाही. पण व्हिडिओला तुझा अँकर दिसत नाही. तो फक्त दाखवू शकतो, तपासू शकत नाही.

उशिराबद्दल लिहितेस ते मला समजतं. १६ व्या वर्षी दोन वर्षं म्हणजे केवढा काळ! २०१० मध्ये जॉर्डन रोमेरो आणि २०१४ मध्ये मालावत पूर्णा १३ व्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचले, हे खरं आहे आणि त्यांच्या कष्टाचं मोल कमी करायचं नाही. पण त्यांच्यासोबत अनुभवी शेर्पा होते, आधीच लावलेले दोर होते, पुढे जायचं की परतायचं हे ठरवणारी मोठी माणसं होती. वयाचा आकडा बातमीत येतो, ही सगळी माणसं येत नाहीत. आता दुसरी उदाहरणं बघ. एडमंड हिलरी यांना डोंगराची ओढ लागली ती १९३५ मध्ये शाळेच्या सहलीत, माउंट रुआपेहूला गेले तेव्हा. वय तुझ्याइतकंच, १६. एव्हरेस्टवर ते १९५३ मध्ये उभे राहिले, ३३ व्या वर्षी. जुन्को ताबेई शाळेबरोबर १० व्या वर्षी पहिल्यांदा डोंगर चढल्या आणि १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेली जगातली पहिली स्त्री ठरल्या. तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या. मधे पंचवीस वर्षं गेली होती. गिर्यारोहणात माणूस तिशी-चाळिशीतही फुलतो, कारण त्यात ताकदीइतकाच अंदाज लागतो, आणि अंदाज यायला अनेक ऋतू पाहावे लागतात. तुला उशीर झालेला नाही. फक्त ही दोन वर्षं रिकामी जाऊ नयेत, ही तुझी काळजी रास्त आहे. तिच्याकडे येतेच.

त्याआधी एक जुनी हकिगत सांगते, कारण तीत तुझ्याहून थोडीच मोठी दोन मुलं आहेत. १४ जुलै १८६५ रोजी सात जणांनी आल्प्समधलं ४,४७८ मीटर उंचीचं मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा सर केलं. एडवर्ड व्हिम्पर यांच्या त्या गटात १९ वर्षांचा डग्लस हॅडो होता आणि १८ वर्षांचे लॉर्ड फ्रान्सिस डग्लस होते. हॅडोला आल्प्सचा अनुभव फार थोडा होता. त्याला घ्यावं का, असा प्रश्न निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या चार्ल्स हडसन यांनी हवाला दिला की मों ब्लाँ हे शिखर तो बहुतेकांपेक्षा कमी वेळात चढला आहे. तेवढ्यावर त्याला घेतलं. चढताना निभावलं. उतरताना वाटाड्या मिशेल क्रोझ त्याचे पाय एकेक करून खोबणीत ठेवून देत होता, इतकी त्याची अवस्था झाली होती. तो घसरला, क्रोझवर आदळला, आणि एका दोरात बांधलेले चौघं खाली गेले. दोर मधेच तुटला म्हणून मागचे तिघं वाचले. तो त्यांच्याकडच्या दोरांतला सर्वांत कमकुवत दोर होता.

या अपघातावर दीडशेहून अधिक वर्षं चर्चा चालू आहे. मला मात्र दरवेळी हॅडोपेक्षा त्याच्यासोबतच्या मोठ्यांचा विचार येतो. त्यांनी त्याचा वेग पाहिला आणि त्यालाच कौशल्य समजले. तो लवकर वर पोहोचतो हे त्यांना माहीत होतं. थकल्यावर, निसरड्या उतारावर, खाली बघत पाय कसा टाकतो, हे कुणी तपासलं नव्हतं. तू भिंतीवर अवघड मार्ग चढतेस. बोटांची ताकद, तोल, पडायची भीती मोडलेली, हे सगळं तुझ्याजवळ आहे आणि ते खूप उपयोगी पडणार आहे. पण भिंतीवर अँकर तयार असतो, खाली गादी असते, दगड सुटत नाही, पाऊस येत नाही आणि उतरायचं म्हणजे बिले देणाऱ्यानं खाली सोडायचं. डोंगरातलं जे काही शिकायचं, ते जवळजवळ सगळं या यादीच्या बाहेरचं आहे.

भिंतीवरची एक सवय मात्र जशीच्या तशी डोंगरावर ने. लिन हिल या जगातल्या अव्वल चढाईपटूंपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यू इथे त्या वीस मीटरहून अधिक उंचीवरून कोसळल्या. कारण दोर हार्नेसमधून, म्हणजे कमरेच्या पट्ट्यातून, ओवला, पण गाठ पुरी करायची राहिली. झाडामुळे वाचल्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी अमेरिकेत योसेमिटीतल्या एल कॅपितान या कड्याचा 'द नोज' हा मार्ग सर्वांत आधी फ्री क्लाइंब केला, म्हणजे दोर फक्त पडण्यापासून वाचायला ठेवून स्वतःच्या हातापायांनी चढला. म्हणजे प्रश्न कौशल्याचा नव्हताच. जोडीदारानं गाठ, बकल आणि कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक हात लावून बघणं, दर वेळी, कितीही घाई असली तरी, हाच त्यावर उपाय आहे. कोणी ते करताना हसत असेल तर त्याच्याबरोबर चढू नकोस.

आता मित्रांचं. मला वाटतं, पत्रातला सर्वांत अवघड भाग हाच आहे आणि तू तो एका ओळीत उरकला आहेस. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलं एरवीपेक्षा जास्त धोका पत्करतात, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांत पाहिलं आहे. त्यात कुणी वाईट नसतं. चौघांपैकी प्रत्येकाला थोडी शंका असते आणि प्रत्येकाला वाटतं की बाकी तिघांना नाही. तू पहिल्यांदा बोललीस तर कदाचित आणखी एखाद्याचा श्वास मोकळा होईल. बोलताना लांबण लावू नकोस आणि बाबांचं नाव पुढे करू नकोस, कारण "घरचे सोडत नाहीत" म्हटलं की ते घरच्यांना पटवायचे मार्ग सुचवायला लागतील. सरळ सांग, "या दोरावर मी येणार नाही आणि तुम्हीही जाऊ नये असं मला वाटतं." लगेच दुसरा बेत पुढे ठेव. त्याच कड्याच्या पायथ्याशी पायवाटेनं जा, नकाशा न्या, वरचे मार्ग दुर्बिणीतून बघा, परत या.

ते तरीही निघाले तर? तर कुणा मोठ्या माणसाला सांग. ज्याच्या घरचा दोर आहे त्या काकांना, भिंतीवरच्या प्रशिक्षकांना, कुणालाही. चुगली वाटेल, मैत्री काही काळ बिनसेल. तरी सांग. मैत्री नंतर सांधता येते. डोंगरात पुढे जाऊन तू ज्यांच्या दोरात बांधली जाशील, त्यांनाही अशीच बोलणारी जोडीदार हवी असेल.

बाबा १८ म्हणतात. तू त्याला नकार समजलीस. पण १८ व्या वाढदिवसाला कुणाला अँकर बांधता यायला लागत नाही, हे त्यांनाही कळतंच. त्यांना भीती वाटते आणि तिला त्यांनी एक आकडा दिला आहे. त्या आकड्याशी वाद घालण्यापेक्षा भीतीबद्दल विचार. "तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटते?" पडण्याची? रात्रभर बाहेर राहण्याची? अनोळखी माणसांबरोबर जाण्याची? खर्चाची? प्रत्येक काळजीला वेगळं उत्तर आहे, आणि खर्चाची असेल तर ती बोलायला त्यांना संकोचही वाटत असेल. मग त्यांना भिंतीवर घेऊन जा आणि तिथल्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांना तुला बिले द्यायला शिकव. माझ्या मते या सगळ्या पत्रातला हा एकच सल्ला पाळलास तरी पुरे. दोराचं एक टोक स्वतःच्या हातात आलं की त्यांना कळेल की ही सुरक्षा कशी बनते, आणि तू किती जबाबदारीनं वागतेस हे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. पालक वाचत असतील तर त्यांनाही सांगते : नुसत्या बंदीनं मुलं डोंगर सोडत नाहीत, फक्त सांगायचं सोडतात. देखरेखीत दिलेली परवानगी त्याहून सुरक्षित असते.

मग ही दोन वर्षं कशी भरायची? बऱ्याच गोष्टींना परवानगी लागत नाही आणि पैसेही फारसे लागत नाहीत. नकाशा वाचायला शिक. समोच्च रेषांचा नकाशा घे आणि रेषा दाट कुठे, विरळ कुठे, धार कोणती आणि दरी कोणती, हे घरी बसून ओळख. मग चालायला जा आणि जमिनीशी ताडून बघ. विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला, तो आजही वापरतात. सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जादा. निघण्यापूर्वी हा हिशोब कागदावर कर, परतल्यावर खरा लागलेला वेळ शेजारी लिही. पाठीवर ओझं असताना, उन्हात, मोठ्या गटात तो कसा बदलतो ते काही महिन्यांत तुला दिसेल. अंधार पडायच्या आत खाली यायला किती वाजता मागे फिरायचं, हे ज्याला अचूक सांगता येतं त्याला गटात मान असतो, वय काहीही असो. ती वेळ निघण्यापूर्वीच ठरवायची असते. माथा समोर दिसायला लागला की डोकं नीट हिशोब करत नाही.

गाठी थोड्याच शिक, पण पक्क्या. आठची गाठ, क्लोव्ह हिच, मुंटर हिच आणि प्रुसिक. यातली शेवटची गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. पातळ दोराचे वेढे मुख्य दोराभोवती घ्यायचे, ताण आला की ते आवळून बसतात. रॅपलिंगमध्ये हात सुटला तर हीच तुला थांबवते. या गाठी हातमोजे घालून, अंधारात, एका हातानं, थकून आल्यावर बांधता यायला हव्यात. चुकलेली गाठ बघून ओळखता येणं हे बांधता येण्याइतकंच महत्त्वाचं आहे, म्हणून मैत्रिणीला मुद्दाम चुकीच्या गाठी बांधून ठेवायला सांग आणि शोध. प्रथमोपचाराचं शिक्षण घे. ओल्या कपड्यांत वारा लागला की माणूस कसा गारठतो, शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बोलणं आणि पावलं कशी अडखळायला लागतात, हे माहीत हवं. आल्प्सपासून चालत आलेला मदतीचा संकेतही पाठ कर : मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीनदा येतं.

शरीराबद्दल दोन गोष्टी मुद्दाम लिहिते, कारण याबद्दल मुली विचारत नाहीत. तुझ्या बोटांची हाडं कदाचित अजून वाढताहेत. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग नाजूक असतो. फार बारीक पकडींवर बोटं आवळून लटकण्यानं किंवा कॅम्पस बोर्डवर (फक्त हातांनी चढायच्या सरावाच्या फळीवर) उड्या मारण्यानं तिथे फ्रॅक्चर होऊ शकतं, विशेषतः मधल्या बोटाच्या मधल्या सांध्यात. तिथे दुखत असेल तर टेप लावून चढू नकोस, थांब आणि डॉक्टरांना दाखव. दुसरं म्हणजे वजन. चढाईत हलकं असणं फायद्याचं वाटतं आणि त्यापायी मुली कमी खायला लागतात. पाळी लांबली किंवा थांबली तर शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते. ती शिस्तीची खूण समजू नकोस. हे आईशी बोल, डॉक्टरांशी बोल.

उंचीचं तुला आज लागू नाही, पण लागेल. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि तंदुरुस्ती त्यापासून वाचवत नाही. उलट तंदुरुस्त मुलं भराभर वर जातात आणि जास्त अडकतात. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून अधिक उंच नेऊ नये, आणि मधे मधे एक दिवस थांबावं, हा मान्य संकेत आहे. डोकं दुखतंय, मळमळतंय हे लपवायचं नाही. गटाला आपल्यामुळे थांबावं लागेल या लाजेनं तुझ्या वयाची मुलं लपवतात. लक्षणं वाढली, सरळ रेषेत चालता येईना, बसल्या जागी धाप लागली, तर त्याच वेळी खाली उतरायचं असतं, सकाळची वाट बघायची नसते.

यानंतर कातळावरचं शिक्षण, आणि तेही शिकवणाऱ्यांकडून. क्रम साधा ठेव. आधी वरून दोर लावलेल्या सोप्या कातळावर, मग सेकंड म्हणून लीड करणाऱ्यामागे चढत त्यानं लावलेले अँकर काढत, मग जमिनीवर उभं राहून स्वतः अँकर बांधत आणि कुणाकडून तरी ते तपासून घेत. लीड शेवटी. सेकंड म्हणून काढलेल्या प्रत्येक अँकरकडे नीट बघ. तो तिथेच का लावला हे विचार, शिकण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही. बर्फावर आइस अॅक्सनं घसरण थांबवायला शिकायचं ते अशा उतारावर, जिथे थांबता नाही आलं तरी खाली सपाटी आहे. रॅपलिंग शिकशील तेव्हा केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत घे. केस डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरायच्या साधनात, अडकून माणसं अधांतरी लटकली आहेत.

संस्था किंवा प्रशिक्षक निवडताना नुसतं त्यांनी किती शिखरं केली हे बघू नकोस, तेही निकालाकडे बघणंच झालं. फोन करून विचार, शक्य तर बाबांना शेजारी बसवून. एका प्रशिक्षकामागे कातळावर किती मुलं असतात? प्रशिक्षकांनी कुणाकडून प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र घेतलं आहे? दोर आणि हार्नेस कधी घेतले, वापराची नोंदवही दाखवाल का? कुणी जखमी झालं तर जवळची वैद्यकीय मदत किती वेळाच्या अंतरावर आहे आणि तिथवर कसं नेणार? हवामान बिघडल्यामुळे शेवटचं कधी परत फिरलात? या शेवटच्या प्रश्नावर जो खुशीनं सविस्तर सांगतो, त्याच्याकडे शिकायला हरकत नसते. जो म्हणतो आम्ही कधीच परत फिरत नाही, त्याच्याकडे जाऊ नकोस. मुलींची राहायची सोय वेगळी आहे का, सोबत स्त्री प्रशिक्षक आहेत का, १८ खालच्या मुलांसाठी जबाबदार व्यक्ती कोण आणि तक्रार कुणाकडे करायची, हेही विचार. कुणी मोठा माणूस एकटीला बाजूला घेऊन शिकवायचा आग्रह धरत असेल, हार्नेस तपासण्याच्या नावाखाली नको तिथे हात लावत असेल, तर तो कितीही मोठा गिर्यारोहक असो, तिथून निघ आणि घरी सांग. प्रत्येक उत्तर लिहून घे, दोन-तीन ठिकाणची उत्तरं शेजारी शेजारी ठेव आणि कुठल्या जागी नाव नोंदवायचं हे बाबांबरोबर बसून ठरव.